वन्सं पळायला लागल्या

आमच्या वन्संना त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, लहानपणापासून घोरपड म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याही ऐकून घेतात. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, हा त्यांचा जन्माचा दुर्गुण. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "रोज दूध उतू जातं, ते नेमकं कुणाच्या हातून जातं हे कधी पाहिलंस का?" उत्तर त्यांना माहीत होतं, मलाही होतं. तेव्हापासून आमचं भांडण आणि आमची माया दोन्ही एकाच चुलीवर शिजतात.

वन्संनी मोठ्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं नर्सची नोकरी केली. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांना वॉर्डातून हलवून तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या कोठीशेजारच्या खोलीत बसवलं. मला वाटलं, आता बाई स्वेटर विणत निवृत्तीची वाट बघतील. कसलं काय. त्या खोलीत ॲलर्जीचं आणि दम्याचं संशोधन चालायचं. हॉस्पिटलच्या आणि त्याच्या गावभर पसरलेल्या दवाखान्यांच्या सगळ्या नोंदी आता कॉम्प्युटरवर आल्या होत्या, जुने कागदसुद्धा चढवले होते. कुणाला कशाने शिंका येतात, कुणाची छाती कधी भरते, कोण पुन्हापुन्हा येतं, हे त्यातून शोधायचं. नावं, पत्ते आधीच पुसलेले. कॉम्प्युटर रकाने मोजायचा, पण डॉक्टरांनी खाली जे पाल्हाळ लावलेलं असतं ते माणसानेच वाचायला लागतं. ते काम वन्संचं.

त्या खोलीचे प्रमुख छातीचे डॉक्टर. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. पहिल्यांदा कॉम्प्युटरला विचारलं, दमा किती जणांना? उत्तर आलं, अगदी थोड्यांना. मोठे सर म्हणाले, "हे पटत नाही. दमेकरी एवढेसे, मग औषधाच्या खिडकीवरून श्वासाचे एवढे पंप जातात कुठे?" मग त्यांनी शोध उलटा फिरवला. आजाराचं नाव शोधायचं सोडून दिलं आणि ज्यांना पंप दिला ती माणसं शोधली. तेव्हा भांडं फुटलं. शेकडो माणसं पंप ओढत होती आणि त्यांच्या नोंदीत आजार काय, तर खोकला. नाहीतर छातीत सर्दी. नाहीतर धुळीचा त्रास.

यात कुणाची लबाडी नव्हती. दमा म्हटलं की आया डोळ्यांना पदर लावतात, बाप दुसरा डॉक्टर गाठतात, पोरांना खेळातून काढतात. म्हणून डॉक्टर मंडळी दयेपोटी तो शब्द लिहायचीच नाहीत. एकाने लिहिलं खोकला, पुढच्याने तेच उतरवलं. पण ही दया जिवावर उठणारी होती. निळा पंप तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो. आतली सूज उतरवणारा, रोज घ्यायचा पंप वेगळाच असतो. आजाराला नावच नाही, तर रोजचा पंप देणार कोण? ती माणसं निळ्यावर निळा ओढत राहतात आणि एक दिवस निळाही लागू पडत नाही. वन्संनी वॉर्डात अशी माणसं पाहिली होती. काही तर दारातच गेलेली.

आता आमच्या लेकीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. तीच म्हणाली, सांग बिनधास्त. लेक एकवीस वर्षांची, आणि डोक्यात एकच खूळ, अग्निशमन दलात भरती व्हायचं. सकाळी मैदानावर पळायची, संध्याकाळी वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन आमच्या इमारतीचे पाच मजले चढायची. मी म्हणायचे, "अगं, गॅसचा सिलिंडर वर आणायला सांगितलं की तुझी पाठ दुखते." तिचं उत्तर ठरलेलं, "सिलिंडरला भरतीत मार्क नाहीत." अधूनमधून खोकायची. धूळ, म्हणायची. आमचे चौकातले डॉक्टरही, त्यांचा दवाखाना त्याच हॉस्पिटलचा, तिच्या लहानपणापासून धूळच म्हणत आले होते.

एका दुपारी वन्संसमोर एक नोंद आली. बाई, वय एकवीस, खोकला. निळा पंप दिला. पुन्हा निळा पंप दिला. वर्षभर दिला. दोनदा इमर्जन्सीत वाफ द्यावी लागली, घरच्यांना कळवू नका म्हणाली. वन्सं मागे मागे वाचत गेल्या आणि लहानपणीच्या एका कागदावर थांबल्या. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'डाव्या नाकपुडीत आत्याच्या माळेतला मणी. काढला.'

ती माळ अजून वन्संच्या कपाटात आहे. एक मणी कमी.

त्यांनी ते पान तिथेच बंद केलं आणि सरळ मोठ्या सरांकडे गेल्या. नियमच तसा. ओळख पटली तर वाचणं थांबवायचं, ती नोंद दुसऱ्याकडे द्यायची आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. लोकांच्या आजारांच्या नोंदी संशोधनाला मिळतात त्या याच विश्वासावर. एकदा का तिसऱ्या मजल्यावरची बाई चौकात बोलते असं झालं, की संपलं.

"आणि ती मेली तर?" वन्संनी विचारलं.

सर म्हणाले, "अशा सगळ्यांना बोलावून घ्यायची परवानगी हॉस्पिटलच्या समितीकडे मागतो. वेळ लागेल. तोवर तुम्ही या नोंदीतलं काही बोलायचं नाही."

"नोंदीत वाचलेलं बोलायचं नाही. मान्य. पण कानांनी ऐकलेलं?"

सर म्हणाले, "आत्या म्हणून कानांनी ऐकलंत, तर त्याला माझी काय हरकत असणार?"

यातलं आम्हाला त्या वेळी काही म्हणजे काही माहीत नव्हतं; वन्संनी ते सांगितलं फार नंतर, लेकीने परवानगी दिल्यावर. आम्हाला एवढंच दिसलं, की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वन्सं पांढरे बूट घालून आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "मीपण पळायला येणार."

मी हसून हसून दाराला टेकले. "वन्सं, या वयात आग विझवायला जाणार का?"

"विझवीन. तुझ्या तोंडापासून सुरुवात करते."

मग सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी जिन्यात रोजचा तमाशा सुरू झाला. लेक वाऱ्यासारखी पुढे आणि वन्सं मागे, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात घट्ट धरलेली छोटी पिशवी. मैदानावरची माणसं बाजूला होऊन वाट द्यायची. लेक वैतागली. "आई, आत्याला आवर. ती माझ्या तोंडाजवळ कान आणते. परवा पाणी पिताना छातीकडे टक लावून बघत होती." ह्यांनी समजावलं, मी ओरडले, पण घोरपडच ती. आणि लेक महाबेरकी. छाती भरून आली की फेरी लांबवायची, नाहीतर पळत वर जाऊन गच्चीवरच्या टाकीमागे लपवलेला पंप ओढायची आणि हसत खाली यायची. वन्संच्या कानावर काही पडू द्यायची नाही. असे तीनेक आठवडे गेले.

त्या संध्याकाळी गच्चीला रंग लावायचं काम चाललं होतं, म्हणून दाराला कुलूप होतं. लेकीला ते माहीत नव्हतं. ती वाळूची पिशवी घेऊन पाचव्या मजल्यावर पोचली आणि अडकली. वर दार बंद, खालून आत्या येतेय. मी पाण्याची बाटली घेऊन वन्संच्या मागोमाग चढत होते. वर गेले तर लेक पायरीवर बसलेली, खांदे वरखाली होताहेत आणि ओठ मिटलेले. वन्सं स्वतः भात्यासारख्या धापा टाकत होत्या. पण त्यांनी मला हाताने थांबवलं, तिच्यासमोर गुडघे टेकले, स्वतःचा श्वास रोखून धरला आणि ऐकलं. मग मीही ऐकलं. शिट्टी. बारीक, लांब शिट्टी, माझ्या पोरीच्या छातीतून.

वन्संनी पिशवी उघडली. आत निळा पंप होता. आठवडेच्या आठवडे त्या तो घेऊन पळत होत्या. पंप तिच्या हातात दिला आणि ती नीट बोलायला लागेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी छाती वाजतेय. मी ऐकलं, तुझ्या आईनेही ऐकलं. हा दमा आहे. उद्या तपासायला चल."

लेक म्हणाली, "तू माझी फाइल वाचलीस."

"फाइलचं मला विचारू नकोस. त्याचं उत्तर मी देणार नाही. जिन्यात ऐकलं तेवढंच बोलतेय."

"भरती दोन महिन्यांवर आलीय, आत्या. दमा लिहिलं की संपलं माझं."

"नाही लिहिलं तर तू संपशील. मला तू हवीस. भरतीचं नंतर बघू."

माझी अवस्था काय सांगू. आधी रडू आलं आणि मग जो संताप आला तो सगळा वन्संवर निघाला. मूर्ख नव्हते मी. हे बूट, हे पळणं, हा पंप, सगळं एका क्षणात जुळलं. "तुम्हाला माहीत होतं. रोज माझ्या हातचा चहा पिऊन जात होता आणि तोंड शिवून बसला होता. यातल्या एखाद्या दिवशी पडली असती म्हणजे?"

वन्सं म्हणाल्या, "म्हणून तर पिशवी सोडली नाही." मी पाचही मजले बोलत उतरले.

दुसऱ्या दिवशी नळीत फुंकून चाचणी झाली. दमा निघाला, चांगला मुरलेला. रोजचा पंप सुरू झाला. लेक स्वतः भरतीच्या कचेरीत गेली आणि तिथल्या डॉक्टरला खरं ते सांगून आली. तो म्हणाला, वर्षभर औषध चुकवू नका, त्रास पूर्ण आटोक्यात राहिला तर पुढच्या भरतीला या, पण हमी देत नाही. घरी येऊन तिने बूट कोपऱ्यात भिरकावले आणि आत्याशी बोलणं टाकलं. मीही वन्संना चहा दिला तो कप आपटूनच.

पंधराएक दिवसांनी लेक आपणहून वन्संच्या घरी गेली. एवढंच विचारलं, "तुमच्याकडे माझ्यासारखी किती?"

"चारशेच्या वर."

"त्यांच्यामागे कोण पळतंय?"

वन्संना तो प्रश्न झोंबला. मोठ्या सरांचा अर्ज समितीपुढे पडूनच होता. समितीचंही अगदीच चूक नव्हतं. अचानक फोन गेला तर लोक घाबरतील, आमच्या नोंदी कोण वाचतं म्हणून चिडतील, डॉक्टर दुखावतील. वन्सं दर बैठकीला जाऊन बसायला लागल्या. बोलावलेलं नसलं तरी बाहेरच्या बाकावर. सर आत आकडे मांडायचे. एकदा वन्संना आत घेतलं, तर त्यांनी वॉर्डात पाहिलेली दारातली माणसं सांगितली, एकेक, नाव न घेता. शेवटी समिती हलली. परवानगी मिळाली, पण अट अशी की फोन संशोधकांनी करायचा नाही. कुणाची नोंद कुठली, हे फक्त त्याच्या डॉक्टरला कळेल आणि फोनही त्यानेच करायचा. ज्याने खोकला लिहिला, त्यानेच.

डॉक्टर लोक कुरकुरले. कुणाला आवडेल? वन्सं एकेका दवाखान्यात जाऊन बसल्या. आमच्या चौकातल्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा चहा दिला, असं त्या म्हणाल्या. पुढे काय झालं ते विचारलं तर, "बघू", एवढंच.

आणि एका सकाळी लेक पळायला निघताना तिचा फोन वाजला. बुटाची नाडी बांधत होती म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. आमचे डॉक्टर. घसा खाकरला, हवापाण्याचं बोलले, अभ्यास कसा चाललाय विचारलं.

"बाळ," ते म्हणाले, "तुला दमा आहे. तुला लहानपणापासून दमा आहे, आणि मी तो लिहिला नाही. लिहायला हवा होता."

मी हातात फडकं घेऊन तिथेच होते. या माणसाला चार शब्द सुनवायचे म्हणून मी महिनोन्‌महिने तयारी केली होती, अगदी आरशासमोर. पण त्यांचा आवाज ऐकला आणि मी दाराची चौकटच पुसायला लागले.

लेक म्हणाली, "डॉक्टर, माझं कळलंय मला. औषध चालू आहे, चाचणीही झाली. यादीत अजून किती राहिलेत तुमचे?"

"तू पहिलीच."

"मग माझ्याशी बोलत बसू नका," ती म्हणाली. "पुढचा फोन लावा."