दत्तोपंत खिडकी पाडतात

मास्तरांच्या खोलीत किस्से कसे साठतात, हे ज्यानं ती खोली पाहिली नाही त्याला कळायचं नाही. मधली सुट्टी वीस मिनिटांची, चहा एक कप, आणि बोलणारी तोंडं आठ! एकानं काही सांगायला सुरुवात केली, की दुसरा म्हणणार, "हे काहीच नाही, दत्तोपंतांचं ऐका." दत्तोपंत समोरच बसलेले असायचे. तेही ऐकायचे आणि कुठे चुकलं तर दुरुस्त करायचे!

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नाशिकच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो आणि दत्तोपंत भूमिती. फळ्यावर हातानं असं वर्तुळ काढायचे, की कंपासनं मान खाली घालावी. तेव्हा स्वावलंबनाचे दिवस होते. कुणी सूत काढायचं, कुणी स्वतःचे कपडे स्वतः धुवायचं. दत्तोपंत एका संध्याकाळी व्याख्यान ऐकून घरी आले ते करवत, रंधा, हातोडी आणि पटाशी घेऊनच. "यापुढे आपल्या घरात सुताराचं पाऊल पडणार नाही!" असं त्यांनी दारातच जाहीर केलं.

पंचवटीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्याचं स्वयंपाकघर म्हणजे काळोखाची कोठी. खिडकी नाही, धुराला वाट नाही. वहिनींचे डोळे सदा लाल. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाई, धुरापासून जपा, नाहीतर नजर जाईल." त्यामुळे हत्यारं पाहून वहिनींनी एकच गोष्ट मागितली.

"स्वयंपाकघराला एक खिडकी पाडून द्या. मग बाकी काय हवं ते करा."

"पाडू की! पण आधी हात बसू दे," दत्तोपंत म्हणाले.

* * *

हात बसायला पहिली सापडली ती फळी. दत्तोपंतांनी ती छताच्या तुळईला अगदी समांतर ठोकली. दोन्हीकडून मापं घेतली, सुताएवढाही फरक नाही. आम्हाला मुद्दाम बघायला बोलावलं. वहिनींनी फळीवर लाडवांचा डबा ठेवला. डबा आडवा झाला, झाकण उडालं आणि लाडू एकामागून एक घरंगळत निघाले!

तुळईच एका अंगाला झुकलेली होती.

"फळी बरोबर आहे," दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "घर चुकलंय!"

वहिनींनी लाडू गोळा केले आणि म्हणाल्या, "असू दे हो. लाडू आपोआप दाराकडे येतात, मला उठायला नको." ती फळी तशीच राहिली.

* * *

मग स्टूल. आमच्या शाळेतली सगळी स्टुलं डुगडुगायची, त्यावर दत्तोपंतांनी तोड काढली ती तीन पायांची. "तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं! हे स्टूल डुगडुगणं अशक्य!"

मी बसलो. खरंच डुगडुगलं नाही. मी चहाचा कप घ्यायला जरा बाजूला वाकलो मात्र, आणि स्टुलासकट जमिनीवर! चहा माझ्या सदऱ्यावर, कपाचा कान माझ्या हातात.

दत्तोपंत वरून वाकून विचारतात, "डुगडुगलं का?"

"नाही," मी खालूनच म्हटलं.

"मग!"

* * *

करीमभाई मिस्त्रींची ओळख इथेच करून द्यायला हवी. जुन्या नाशकातले हे सुतार कामासाठी नदी ओलांडून पंचवटीत यायचे, आणि त्यांची वाट दत्तोपंतांच्या ओट्यासमोरून होती. ओट्यावर मास्तरांची ठाकठोक चाललेली दिसली, की ते थांबायचे. दत्तोपंत मोठ्या आशेनं विचारायचे, "काय मिस्त्री, कसं काय जमलंय?"

करीमभाई ती वस्तू हातात घ्यायचे, उलटी करायचे, सुलटी करायचे, डोळ्यासमोर धरायचे. आणि म्हणायचे, "लाकूड लय चांगलं हाय, मास्तर."

तीन वर्षांत त्यांनी दुसरं वाक्य उच्चारलं नाही! खोटं बोलायचं नाही आणि मास्तरांचं मन मोडायचं नाही, ही दोन्ही व्रतं एकाच वाक्यात पाळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

* * *

दिवाळीला दत्तोपंतांनी दार रंगवलं. रंगही घरचाच! गेरू खलून त्यात तेल घालायचं. अळशीचं सांगितलं होतं, पण घरात एरंडेल होतं. "तेल ते तेल," असं म्हणून यांनी एरंडेल ओतलं. दार दिसायला झकास झालं, फक्त वाळेना. नरकचतुर्दशी गेली, पाडवा गेला, दार आपलं ओलं ते ओलंच! फराळाला येणारा प्रत्येक जण दार ढकलून आत यायचा आणि लाल पंजा घेऊन परत जायचा.

सुट्टी संपून शाळा उघडली. हेडमास्तर आले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कोटाच्या पाठीवर दाराच्या दोन फळ्यांमधली फट उभी छापलेली! धोब्याकडे दोनदा जाऊनही ती निघाली नव्हती.

"दत्तोपंत," ते म्हणाले, "तुमच्याकडे फराळ केल्याचं मला कुणाला सांगावं लागत नाही!"

आम्ही हसलो, दत्तोपंतही हसले. पण घरी वहिनी विचारायच्या, "खिडकीचं काय झालं?" आणि हे म्हणायचे, "आधी हात बसू दे." चूल पेटतच होती आणि डोळे गळतच होते.

* * *

शेवटी खिडकीचा मुहूर्त निघाला. दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. एका बाजूनं खोदायला महिना लागेल, म्हणून दत्तोपंतांनी प्लॅन केला. निम्मी आतून खोदायची, निम्मी बाहेरून! "घाटातले रेल्वेचे बोगदे असेच खोदलेत," ते आम्हाला खडूनं काढून दाखवत होते. आत कोपऱ्यापासून तीन हात मोजले, बाहेर कोपऱ्यापासून तीन हात मोजले, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ घाम गाळला.

खड्डे भेटेचनात.

कोपऱ्यातली आडवी भिंतही दीड हात जाड आहे, ती बाहेरून मोजताना धरायची असते, हे भूमितीचा मास्तर विसरला होता! आतला खड्डा इथे, बाहेरचा दीड हात पलीकडे. बाहेरच्या खड्ड्यात मांजर व्याली. आतल्या खड्ड्यात वहिनींनी मिठाची बरणी ठेवली. "बरा झाला कोनाडा," म्हणाल्या.

मास्तरांच्या खोलीत या किश्श्यावर आम्ही आठवडाभर जगलो. दत्तोपंत मात्र या वेळी दुरुस्ती करेनात. मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "परवा ही डोळे पुसत होती. मी म्हटलं, धूर फार झाला का? ही म्हणाली, हो. आणि चूल अजून पेटायचीच होती हो!"

त्याच दिवशी त्यांनी सगळी हत्यारं जुन्या धोतरात बांधून माळ्यावर टाकली. नंतर कुणाची खुर्ची करकरली, तरी ते मान वर करेनात. पूर्वी त्या आवाजासरशी खिशातून फूटपट्टी निघायची. खरं सांगतो, आम्हाला चहा गोड लागेना.

* * *

मे महिन्याच्या सुट्टीत दत्तोपंत नदी ओलांडून करीमभाईंच्या दारी गेले. सोबतीला मी होतो. "मिस्त्री, खिडकी पाडायची आहे," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही."

करीमभाईंनी येऊन भिंत पाहिली. आतला खड्डा पाहिला, बाहेरचा पाहिला, मांजरही पाहिलं.

"निम्मं काम तर केलंच हाय तुम्ही, मास्तर. खिडकी जरा रुंद करू, दोन्ही खड्डे पोटात घेऊ."

चार दिवसांत खिडकी उभी राहिली. आत लोखंडी गज, बाहेर परसात उघडणारी दोन झडपं. सगळे दिवस दत्तोपंत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे परसात उभे होते. करीमभाई ते बघत होते. शेवटची कडी तेवढी राहिली, तेव्हा त्यांनी हत्यारं आवरली.

"आज जुम्मा हाय, नमाजाला जायचंय. कडी तेवढी तुम्ही बसवा."

"मी? नको नको!"

आतून वहिनींचा आवाज आला, "बसवा हो. चार स्क्रू तर आहेत."

माळ्यावरून गाठोडं खाली आलं. वहिनी आत चुलीपाशी होत्या, म्हणून दत्तोपंत परसात उभे राहिले आणि झडपं मिटून त्यांनी कामाला हात घातला. अर्धा तास लागला. पण कडी अशी सरळ, अशी घट्ट बसली, की आयुष्यात त्यांच्या हातून तसं काही झालं नव्हतं! मी तर टाळ्याच वाजवल्या.

"झाली!" दत्तोपंत ओरडले. "आता लावून बघ."

आतून झडपांवर हात चाचपडल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, पण कडी कुठाय?"

नमाजाहून परतलेले करीमभाई मागे उभेच होते. त्यांनी बाहेरच्या अंगाला बसवलेल्या कडीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "स्क्रू लय चांगले बसलेत, मास्तर. पाच मिनिटांत आत घेतो."

"खबरदार कुणी हात लावाल तर!" वहिनी आतून म्हणाल्या.

* * *

त्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. वहिनींचे डोळे निवळले होते. कडी मात्र अजून बाहेरच्या अंगालाच होती. पौषातली थंडी होती. दत्तोपंतांना ताप भरल्याचं कळलं, म्हणून रविवारी सकाळी मी समाचाराला गेलो. आठ वाजले होते. स्वयंपाकघरात अंधार, चूल थंड, आणि वहिनी तिच्यासमोर काड्यापेटी घेऊन बसलेल्या.

"चहा नाही झाला अजून?"

"खिडकी उघडायची आहे, भावजी."

"एवढंच ना? मी उघडतो की!" असं म्हणून मी परसाकडे निघालो.

"बसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "ते उठतायत."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी कण्हलं. अंगाभोवती गोधडी, कानाला मफलर, अशी एक आकृती भिंत धरत धरत दारातून परसाकडे गेली. खोकल्याचा आवाज भिंतीच्या कडेकडेनं पुढे सरकला. कडी खटकन वाजली, झडपं उघडली आणि चुलीवर ऊन आलं.

वहिनींनी काडी ओढली.