खोटं काम

"आ कर, बाळा," असं म्हणून कारखान्याच्या साहेबानं माझ्या तोंडात पेढा घातला.

मी बाळ न्हवते. माझं वय तवाच तिशीच्या पुढं गेलं व्हतं. साहेबाहून मी मोठीच असंन. पण समोर कारखाना बघायला आलेले पुण्याचे पाहुणे, फोटोवाला, पाठीमागं कापडी बॅनर. फोटोवाला म्हणाला, "सर, हलला. परत एकदा." साहेबानं माझी हनुवटी धरली, अर्धा पेढा तोंडातनं काढला आन् तोच परत घातला. लाळ लागलेला. पाहुणे हसले. कौतुकानं. मग साहेब रुमालाला बोटं पुसत राहिला. एकेक बोट.

मी मंदबुद्धीची. शाळेत, गावात, रेशनच्या दुकानात, सगळीकडं तसंच म्हणायचे. वाचायला घेतलं की अक्षरं लागत न्हाईत मला. पण हात चालत्यात. कुरकुंभच्या त्या कारखान्यानं आमच्यासारख्या चार जणींना कामाला घेतलं, तवा आईनं देवळात जाऊन नारळ फोडला. गळ्यात ओळखपत्र. सकाळी दौंडातनं कंपनीची गाडी. मला बघून लेकरं घरात ओढून घेणारी शेजारीण रस्त्यात विचारायला लागली, "चाललीस का ड्युटीला?"

व्हय, चालले ड्युटीला. म्हणून तर तो पेढा गिळला.

आमचं काम पाठीमागच्या शेडमधी. बाटल्यांची झाकणं निवडायची. निळी एका क्रेटात, पांढरी दुसऱ्यात. शेजारी सुनंदा बसायची. तिला बोलता कमी येतं. सुट्टी झाली की भरलेल्या क्रेटावर हात फिरवायची आन् म्हणायची, "माझं."

एक दिवस माझा डबा शेडमधी राहिला. गाडी सुटायला वेळ व्हता, मी माघारी गेले. बघते तर सुपरवायझर आन् एक हेल्पर आमची क्रेटं एकाच ड्रममधी पालथी करत व्हते. सुपरवायझर हेल्परला म्हणत व्हता, "अच्छे से मिला."

मी म्हणाले, "मामा, हे काय करताय?"

तो दचकलाबी न्हाई. "मिसळलं न्हाई तर उद्या तुम्हाला काय देऊ? रोज हेच करतोय आम्ही. जा, गाडी सुटंल."

रोज. आम्ही निवडलेलं एकबी झाकण कवा बाटलीवर बसलं न्हवतं. गाडीत सुनंदा खिडकीला डोकं लावून गुणगुणत व्हती. मला तिच्याकडं बघवंना.

मी कुणाला बोलले न्हाई. आईलाबी न्हाई. पाहुण्यांची वाट बघत बसले. राग मला धरून ठेवता येतो, ते तवा कळलं.

पाहुणे आले. ह्या टायमाला एक मोठ्या बाई व्हत्या. साहेबानं त्यांना शेडमधी आणलं. बाई वाकून म्हणाल्या, "काम आवडतं का गं?"

मी उठले. निळ्या झाकणांचं क्रेट उचललं आन् पांढऱ्यावर पालथं केलं. झाकणं फरशीवर उडाली, बाईंच्या चपलांवर पडली.

"आमच्या माघारी हे असं करत्यात," मी म्हणाले. "रोज. आम्हाला काम दिलंच न्हाई. तुम्हाला दाखवायला बसवलंय. इचारा ह्यांना, झाकणं कुठं जात्यात."

सुनंदा फरशीवर बसून झाकणं गोळा करायला लागली. रडत व्हती. ते अजून टोचतं मला. पण ते पाप माझं न्हाई. साहेबाचं हाय.

साहेब हसला. "मॅडम, ह्यांना समजत नाही. मनाला येईल ते बोलतात."

बाईंनी मान हलवली. चपला झटकल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवायला आल्या, मी डोकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी माझ्यासमोरनं निघून गेली. थांबली न्हाई. भाऊ म्हणाला, "माफी माग, घेतील परत. तुला दुसरं कोण काम देणार?" आईबी त्याच्याच बाजूची.

मी म्हणाले, "माफी त्यानं मागायची."

आता मी एसटीनं कुरकुंभला जाते. शिफ्ट सुटायच्या टायमाला गेटासमोर उभी राहते आन् बाहेर पडणाऱ्या कामगारांना झाकणांचं सांगते. वॉचमन पहिल्यांदा हाकलायचा, आता तोंड फिरवतो. काही जण हसत्यात. काही थांबत्यात. पॅकिंगमधल्या बायका आता साहेब आला की एकमेकींकडं बघत्यात, असं त्यांनीच मला सांगितलं. सुनंदाच्या बापानंबी येऊन सगळं इचारलं आन् तिला त्या शेडमधनं काढून घेतलं.

साहेब आजकाल पाठीमागच्या गेटानं जातो. म्हंजी भितोय. मला बरं वाटतं. लई बरं वाटतं.

उद्या मी पाठीमागच्या गेटाला उभी राहणार. सगळ्या कामगारांपुढं त्यानं त्याच्या तोंडानं म्हणायचं, ह्या बायकांना मी खोटं काम दिलं. तोवर त्या माणसाला सुखानं घरी जाऊ देणार न्हाई.