चेपक्या डब्यातली पावडर

आमचं जनरल स्टोअर्स वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात आणि घर त्याच्याच मागे. दुकानदाराच्या घरात चांगला माल कधी येत नाही. चेपलेला पावडरचा डबा, झाकण फुटलेली सुगंधी फिनाइलची बाटली, ओल लागलेल्या अगरबत्त्या, गळका रूम फ्रेशनर. गिऱ्हाईक ज्याला नाक मुरडतं ते सगळं आमच्या मोरीत आणि देव्हाऱ्यात. फुकटचं ते पौष्टिक, असं सासूबाई हसत म्हणायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला या घमघमाटाचं कौतुकच वाटलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलगी सात वर्षांची. अंघोळ घालताना तिच्या छातीवर, डाव्या बाजूला, बोटाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. साबण माझ्या हातातून निसटला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी काय काय चिंतलं, ते आजही तोंडातून निघत नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त पाहिलं. कॅन्सर नाही म्हणाल्या. मी श्वास सोडते न सोडते तोच त्या म्हणाल्या, "पण ही वयात येण्याची सुरुवात असू शकते. सात म्हणजे फार लवकर." मग त्यांनी विचारलं, "केवढा वास येतो तुम्हा दोघींच्या अंगाला! घरी काय काय वापरता?"

मी पावडरीपासून फिनाइलपर्यंत सगळं सांगितलं. वास टिकावा म्हणून यात जी रसायनं घालतात, त्यातली काही शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबूड करतात असा संशय आहे, असं त्यांनी समजावलं. "यानंच झालं असं मी म्हणत नाही. अशी गाठ आपोआपही जिरते. पण वासाचं सगळं बंद करा, तीन महिन्यांनी दाखवा."

यानंच झालं म्हणाल्या असत्या तर बरं होतं. निदान भांडायला कोणीतरी मिळालं असतं.

घरी येऊन मी मोरी रिकामी केली. नवरा दारात उभा. "आपणच वापरत नाई, तं गिऱ्हाईकाले काय सांगू?" सासूबाई तर रडायलाच लागल्या. रोज नातीला पावडर लावणं हा त्यांचा हक्क. "मी लेकराले जहर लावून राह्यली होती का व?" काही दिवसांनी एका सकाळी पाहिलं, तर देवापुढे अगरबत्ती नव्हती, नुसता दिवा होता.

माझी भीती मात्र कमी होईना. कोणी सेंट मारून दुकानात आलं की मी पोरीला आत ओढायची. मैत्रिणीनं दिलेला वासाचा खोडरबर मी तिच्या मुठीतून हिसकून रस्त्यापलीकडे फेकला. ती किती वेळ हुंदके देत होती. आणि रोज अंघोळीच्या वेळी मी ती गाठ चाचपायची. आज मोठी वाटायची, उद्या लहान. "दुखते का?" मी विचारायची. ती उत्तर देण्याआधी माझं तोंड बघायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमी झाली आहे." कशानं, हे त्यांनाही सांगता येईना. "पुन्हा वाढली तर लगेच या. लक्ष असू द्या."

दुसऱ्या दिवशी पोरीला अंघोळीचं पाणी काढून दिलं आणि मी पदर खोचून वळले, तर मोरीचं दार लागलं. आतून कडी.

"उघड बेटा. मम्मी पाहते जराशी."

"नाई. तू हात लावला का मले भेव लागते."

मी दाराला हात टेकून उभी राहिले. आत पाणी पडत होतं.

"दुखते का?" मी बाहेरूनच विचारलं.

"नाई," ती म्हणाली. तिनं माझं तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून खरं असेल, अशी मी मनाची समजूत घालत राहिले.