डांबावरचं मखमलीचं फूल

दसऱ्याच्या सकाळी मोहदरी घाटाच्या पायथ्याशी धुकं एवढं दाट होतं, की गोठ्यातून विहीर दिसत नव्हती. लंकाबाईनं गाय पिळली, दुधाची किटली सुनेच्या पुढ्यात ठेवली आणि ती बांधावर गेली. मोठ्या वावरातला झेंडू परवाच खुडून झाला होता. बांधाला उरली होती घरच्या पूजेपुरती पिवळी फुलं आणि कोपऱ्यातली मखमल. मखमल म्हणजे बुटक्या झाडाचा, काळपट तांबडा, पिवळ्या काठाचा देशी झेंडू. बी तिच्या माहेरचं. बाजारात ह्याला कुणी विचारत नाही, पण नवऱ्याला, रंगनाथला, दसऱ्याला टोपीत खोवायला तोच लागायचा.

फुलं दवानं ओली होती. ओलं फूल पिशवीत काळं पडतं, म्हणून तिनं आधी झाड हलवून पाणी झाडलं, मग नखानं खुडलं. बाजाराचं फूल बिनदेठाचं तोडतात. घरचं ती देठ आणि दोन पानं ठेवून खुडायची.

अठ्ठेचाळीस वर्षं ती फुलांत होती. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली, दुसऱ्या दिवशी सासूनं हातात टोपली दिली. नाशिकला ती शंभरदा गेली असेल, पण टेम्पोत, फुलांच्या क्रेटवर बसून. अंधारात बाजारात उतरायचं, माल द्यायचा, त्याच टेम्पोनं उजाडायच्या आत परत. त्या शहरात ती एकटी कधी दहा पावलंही चालली नव्हती.

आदल्या दिवशी क्रेट चढवताना रंगनाथ टेम्पोच्या फाळक्यावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. महेशनं, पोरानं, बापाला नाशिकला दवाखान्यात घातलं आणि भरलेला टेम्पो घेऊन तो कल्याणला गेला. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यालाच विकतो, दुसऱ्या दिवशी तो गायीपुढं टाकायचा.

"आई, तुम्ही एकट्या कशा राहाल तिथं?" सून योगिनी दारातून म्हणाली. "मी येते ना."

"ओली बाळंतीन तू, कुठं येती? गप पडून ऱ्हाय. गाईला दुपारी पानी दाव."

तिनं भाकरीचा डबा बांधला, फुलांची पिशवी घेतली आणि गावच्या बहिरूच्या जीपमध्ये बसली. बहिरूनं तिला थेट दवाखान्याच्या दारात उतरवलं, "काकी, हाच बघा," म्हणाला आणि पाठीमागचे पॅसेंजर ओरडायला लागले तसा निघून गेला. काचेची इमारत, वर इंग्रजी पाटी. लंकाबाई चौथी शिकलेली. मराठी अक्षर लावून वाचायची. ही पाटी तिनं बघितली नाही असं नाही. बघितली, आणि सोडून दिली.

रंगनाथच्या पायाला दोरी बांधून खाली वजन लोंबत सोडलं होतं. तोंड राखेसारखं झालेलं.

"महेश कुठंय?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"कसाऱ्याच्या घाटात गाड्या तुंबल्यात म्हने. फोन लागत नाय."

"उपाशी ठेवलंय मला. बारा वाजता नेणारेत आत." त्यानं तिचा हात धरला. अठ्ठेचाळीस वर्षांत चारचौघांत त्यानं तिचा हात धरला नव्हता. ती जास्तच घाबरली.

तेवढ्यात मंजुषा सिस्टर आली. हातात कागद, काखेत रिकामी थर्माकोलची पेटी. "रंगनाथ बाबांचे नातेवाईक कोण? रक्त कमी आहे त्यांचं. ऑपरेशनच्या आधी एक पिशवी लागणार, ब्लड बँकेतून आणायची."

"मी हाय."

"तसं नाही आजी, कोणी तरुण?"

"मीच हाय, बाई."

सिस्टरनं जरा इकडंतिकडं बघितलं. दसरा म्हणून निम्मी माणसं सुट्टीवर. मग तिनं कागद आणि पेटी लंकाबाईच्या हातात दिली आणि हातवारे करत सांगितलं, "गेटातून डावीकडे. कोपऱ्यावर उजवीकडे. मोठा पूल लागेल, त्याच्या खालून पलीकडे जा, दुसऱ्या गल्लीत आहे. चालत दहा मिनिटं. रिक्षा करा हवं तर."

रिक्षा तिला नको होती. पाय आपले असले तर निदान रस्ता आपल्या हातात राहतो. रिक्षात बसलं की तो दुसऱ्याच्या हातात गेला.

"लंके," रंगनाथ मागून म्हणाला, "हरवशील."

"मी काय शेरडू हाय का हरवायला?" असं म्हणाली खरी, पण पायऱ्या उतरताना तिला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

दवाखान्याच्याच कोपऱ्यावर ती थांबली. सगळ्या इमारती सारख्या, सगळी दुकानं शटर ओढलेली. मग तिला वावरातली रीत आठवली. दोन बाया खुडायला असल्या की खुडून झालेल्या ओळीच्या शेवटच्या काठीला एक फूल खोवायचं, म्हणजे दुसरी त्या ओळीत शिरत नाही. तिनं पिशवीत हात घातला. हाताला आलं ते मखमलीचं फूल. तिनं ते विजेच्या डांबाला बांधलेल्या तारेत खोवलं. 'हे ह्यांचं,' ती मनाशी म्हणाली. 'मखमल दिसली की दवाखाना.' पुढच्या वळणावर एका बंद शटरच्या कडीत पिवळं फूल. पुलाखालच्या लोखंडी कठड्यावर एक. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक. तिला जरा धीर आला.

पुलाखालचा रस्ता ओलांडायला मात्र तिला बराच वेळ लागला. गाड्या थांबत नव्हत्या. ती एक पाय पुढं टाकायची आणि मागं घ्यायची. शेवटी एक म्हातारा सायकल ढकलत निघाला, ती त्याच्या सायकलचं कॅरिअर धरून पार गेली. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

ब्लड बँकेतल्या माणसानं कागद बघितला, आत गेला, बऱ्याच वेळानं आला. पेटीत बर्फाच्या पिशव्या, मध्ये रक्ताची पिशवी, वर दवाखान्याचा कागद ठेवला आणि झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी मारली.

"आजी, नीट ऐका. अर्ध्या तासात पोचलं पाहिजे. झाकण वाटेत उघडायचं नाही. गारवा गेला की रक्त वाया गेलं, मग डॉक्टर ते लावत नाहीत. ह्या गटाची आज ही एकच पिशवी आहे."

"एकच?"

"एकच. सांभाळून."

तिनं फोन बघितला. अकरा वाजून पाच मिनिटं. पेटी तिनं पोटाशी धरली. तान्हं पोर धरावं तशी नाही, त्याहून जपून. तिला झाकणाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी तिचं फूल होतं. ती पुलाखाली आली आणि जागीच उभी राहिली.

मघाशी रिकामा होता तो कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूच्या माळांनी भरला होता. रिक्षावाल्यांची पूजा चालली होती. रिक्षांना हार, खांबांना हार, चहाच्या गाड्याला हार. पलीकडं दुकानांची शटरं वर गेलेली आणि प्रत्येक दाराला तोरण. तिनं शटरच्या कडीत खोवलेलं फूल शटराबरोबर वर, गुंडाळीत गेलं होतं. जिकडं बघावं तिकडं झेंडू. इतकी वर्षं ती दसऱ्याला फुलं खुडून पाठवत होती, पण ती शहरात जातात कुठं, हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं. आणि आजच्याच दिवशी तिनं झेंडूच्या खुणा ठेवल्या होत्या.

 पूल कुठल्या खांबापाशी ओलांडला होता? सगळे खांब सारखे. ती अंदाजानं पलीकडं गेली, अंदाजानं वळली, आणि पुन्हा वळली. एका दुकानदाराला विचारलं, "दादा, हाडांचा दवाखाना कुठं?"

"हा काय समोर."

ती जवळजवळ पळतच गेली. दारातला वॉचमन पेटीकडं बघत म्हणाला, "कोण पेशंट?"

"रंगनाथ. सिन्नरकडचे."

त्यानं वही चाळली. "नाय मावशी. इथं नाय. नाव काय तुमच्या दवाखान्याचं?"

"काचेचा हाय."

"समदेच काचेचे हायेत. ह्या रोडला हाडांचेच चार दवाखाने हायेत. नाव सांगा."

नाव. तिनं महेशला फोन लावला. 'आवाक्याबाहेर.' योगिनीला लावला. पाठीमागं बाळ रडत होतं.

"योगिनी, दवाखान्याचं नाव काय गं?"

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"नाव सांग आधी!"

"हे म्हणाले होते... काहीतरी ऑर्थो. ऑर्थोच होतं, आई."

वॉचमननं ते ऐकलं आणि हसू दाबलं; ऑर्थो म्हणजे हाडांचाच, ते तर चौघांच्याही पाटीवर होतं. मग तिचं तोंड बघून त्यालाही कसंतरी वाटलं. "मावशी, कागद-बिगद असंल ना?"

कागद होता. पेटीत. चिकटपट्टीच्या आत.

ती एका झाडाच्या सावलीत गेली आणि पेटी मांडीवर घेऊन फुटपाथवर बसली. अकरा सत्तावीस. नख चिकटपट्टीच्या कडेला लागलं. नुसतं बोटभर उघडायचं, वरचा कागद ओढायचा, बंद करायचं. कोणाला कळणार होतं? पण फुलांच्या क्रेटवरचं ओलं पोतं वाटेत एकदा काढलं की आतली फुलं कशी घामेजतात, हे तिला माहीत होतं. बाजारात पोचेपर्यंत ती वरून ताजी दिसतात आणि हात लावला की पाकळ्या गळतात. रक्ताचंही तसंच असलं तर? वरून लाल दिसेल, डॉक्टर लावतील, आणि ते... पुढचं तिच्यानं मनात आणवलं नाही. तिनं नख काढून घेतलं.  आजूबाजूनं माणसं नवे कपडे घालून चालली होती, आपट्याची पानं घेऊन, आणि त्यातल्या कुणाला माहीत नव्हतं की ह्या बाईच्या मांडीवर तिचा नवरा आहे.

ती उठली. वाट दिसेल तिकडं चालायला लागली. चालता चालता पुटपुटत होती, "थांबा वो. आत जाऊ नका. आले मी."

पुढच्या कोपऱ्यावर एक बाई फाटक्या छत्रीखाली तोरणं ओवत बसली होती. पुढ्यात पिवळ्या-केशरी झेंडूचा ढीग. लंकाबाईची नजर ढिगावरून गेली, आणि परत आली. ढिगाच्या कडेला एकच बुटकं, काळपट तांबडं, पिवळ्या काठाचं फूल. देठासकट. देठाला दोन पानं.

"हे फूल कुठून आणलं?" ती ओरडलीच.

बाई दचकली, मग उसळली. "अगं ए बये! दसऱ्याला झेंडू कुठून आला इचारती? बाजारातून आनला! तुझ्या बापाच्या मळ्यातून नाय चोरला."

"माझ्याच मळ्यातलं हाय ते! नखानं खुडलेलं. तुझं हे बाकीचं बघ, बिनदेठाचं. ह्ये एक कुठून आलं, सांग ना माझे माय."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून बाईचा हात सुईवरच थांबला. "ते व्हय... ते डांबावर व्हतं. मला वाटलं कुणी वाहिलं असंल, वाऱ्यानं पडंल. म्हनून काढून आनलं. घे बाई तुझं तुला."

"फूल नको. डांब दाव. कुठला डांब?"

"डांब?"

"त्या डांबापाशी माझा मालक हाय. ह्यात त्याचं रक्त हाय." तिनं पेटी पुढं केली.

ती बाई, नवसाबाई तिचं नाव, तोरण तसंच ढिगावर टाकून उठली. "चल. पाय उचल. ह्या गल्लीतनं मागच्या बाजूनं जाऊ, जवळ पडतं."

"तुझी फुलं?"

"नेली कुणी तर नेली. दसऱ्याला फुलं कोन नेतंय, समद्यांच्याच घरी झालीत." चालता चालता ती बोलतच होती. "खूनच ठेवायची तर चिंधी बांधायची व्हती की गं. झेंडूची खून कोन ठेवतं आज?"

"चुकलं," लंकाबाई म्हणाली. दम लागून तिला एवढंच बोलता आलं.

गल्ली संपली. डांब आला. तार रिकामी होती, पण डांबाच्या मागं काच होती, पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवर मंजुषा सिस्टर डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं बघत उभी होती.

"आजी! कुठे होतात? आत घेतायत त्यांना!" तिनं पेटी ओढून घेतली, तिथंच पायरीवर पट्टी फाडली, आतला बर्फ चाचपला, कागदावरची वेळ बघितली. लंकाबाई तिच्या बोटांकडं बघत राहिली. 

"आहे. गार आहे अजून," सिस्टर म्हणाली आणि आत पळाली.

लंकाबाईनं मागं बघितलं. नवसाबाई निम्म्या गल्लीत पोचली होती, छत्रीकडं परत. तिनं तिथूनच नुसता हात हलवला.

वर गेली तेव्हा रंगनाथची कॉट रिकामी होती. दोरी आणि वजन तेवढं लोंबत होतं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद, वर लाल दिवा. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. ती बाकड्यावर बसली.  तिनं फुलांची पिशवी शेजारी ठेवली.

पिशवी चेंगरली होती. तिनं पदर मांडीवर पसरला आणि फुलं त्यावर ओतली. चेंगरलेली एका बाजूला, धड असलेली दुसऱ्या बाजूला. पिवळ्यांतून मखमलीची वेचून वेगळी काढायला लागली. एकेका फुलाचा देठ बघायची, पान तुटलं असेल तर नखानं नीट करायची, आणि मधूनच लाल दिव्याकडं नजर टाकून पुन्हा फुलांत हात घालायची.