दुसरं रक्त

चौसष्टाव्या वर्षी मी हॉस्पिटलमधून पळून गेले. शाळेतून कधी पळाले नाही, सासर सोडून माहेरी कधी पळाले नाही, आणि पळायचं सुचलं ते कधी, तर हृदयाची तपासणी अर्धी झालेली असताना. एका हातात रिपोर्टचा कागद, दुसऱ्या हाताच्या शिरेत सलाईनसाठी बसवलेली प्लास्टिकची नळी तशीच, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून वरून पदर. आज एकाहत्तराव्या वर्षी ती बाई आठवली की तिला दोन चापट्या माराव्याशा वाटतात. तरुण होती, दुसरं काय. चौसष्ट हे काही अक्कल यायचं वय नव्हे.

होळी नुकतीच होऊन गेली होती आणि आमच्या वाडीत सुकेळी घातलेली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. आमच्या निर्मळ-वटारच्या बाजूला पूर्वी घरोघरी व्हायची, आता बोटांवर मोजण्याइतक्या घरांत. पिकलेली केळी सोलायची, काठ्यांच्या मांडवावर ओळीने मांडायची, दुपारी उलटायची आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर. त्यातला मधला एखादा दिवस फार वाईट. केळ्याला रस सुटलेला असतो, त्या दिवशी हलगर्जीपणा झाला की सगळा माल आंबतो. हे मला सासूने शिकवलं होतं आणि मी कुणालाही शिकवलेलं नव्हतं. सून साताऱ्याकडची. लग्न होऊन आल्यापासून मागे लागलेली, आई, मला दाखवा ना. मी म्हणायचे, तुझ्या हाताला नाही जमायचं ते. खरं कारण वेगळंच. तिला जमलं तर मग मला कोण विचारणार, असा माझा पोक्त विचार.

नेमक्या त्याच वाईट दिवशी, सकाळी ओळी मांडून झाल्या आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी रुतल्यासारखं झालं. तिथून ते जबड्यात आलं. घाम फुटला. बसले तर उठावंसं वाटे, उठले तर टेकावंसं वाटे. छातीत मात्र काही नाही. छातीत कळ आली असती तर मीही घाबरले असते, पण जबडा दुखतो म्हणून कोण घाबरतं? आदल्या दिवशी केळ्यांच्या टोपल्या मीच वाहिल्या होत्या. म्हटलं, अंग भरून आलंय. नवऱ्याला मी सांगितलंही नसतं. पण तोंडावर पाणी मारायला मी तिसऱ्यांदा मोरीत गेले तेव्हा यांनी पाहिलं आणि काही न बोलता स्कूटर बाहेर काढली. आमचे हे फारसं बोलत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या वाटणीचंही मीच बोलत आले.

विरारच्या बाजूला एका लहानशा हॉस्पिटलात गेलो. तिथे छातीला चिमटे लावून कागदाची पट्टी काढली. पट्टी ठीक. मग सिस्टरने रक्त घेतलं, नळी हातातच ठेवली, वर चिकटपट्टी मारली आणि म्हणाली, आजी, हात हलवू नका. आजी. नातवंडं होती मला, पण ती माझी होती, हिची नव्हे. तिथपासूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान, पण बोलणं समजुतीचं. मी टोपल्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली. म्हणाले, कुठलाही स्नायू दुखावला की त्याच्यातलं काहीतरी रक्तात सांडतं. हाताचा, मांडीचा, कुठलाही. ते मोजायची एक तपासणी आहे. पण हृदयाच्या स्नायूचं म्हणून एक वेगळं असतं, त्याला ट्रोपोनिन म्हणतात. ते रक्तात वाढलं तर समजायचं की हृदयालाच काहीतरी झालंय. आम्ही दोन्ही बघतोय.

तासाभराने रिपोर्ट आला. स्नायूंचा आकडा थोडा वर, आणि ते ट्रोपोनिन अगदी व्यवस्थित, हद्दीच्या आत. मला काय आनंद. म्हटलं, बघा डॉक्टर, मी सांगत नव्हते? टोपल्याच. चला, काढा ही नळी.

डॉक्टर नाही म्हणाले. हातही दुखावलेला असू शकतो आणि हृदयही, एक सापडलं म्हणून दुसरं सुटत नाही. आणि हृदयाचं जे सांडतं ते रक्तात दिसायला काही तास जातात. मी चेहरा वाकडा केला असणार, कारण ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मावशी, तडा गेलेला माठ भरून ठेवला तर खालची जमीन लगेच ओली होते का? मी आत्ता जमीन बघितली, कोरडी आहे. पहिल्या रक्तानंतर तीन तासांनी परत बघणार. साडेबारापर्यंत थांबा, दुसरं रक्त घेऊ."

समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. लख्ख समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि थांबणं वेगळं.

समोरच्या भिंतीवर खिडकीतून उन्हाचा पट्टा पडला होता. मी घड्याळ बघत नव्हते, तो पट्टा बघत होते. तो इथे आला म्हणजे मांडवावर ऊन कुठे पोचलं असेल, पहिली ओळ किती तापली असेल, उलटायची वेळ किती जवळ आली. पायाचे अंगठे आपोआप हलत होते. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी कण्हत होतं, मशीन टुकटुक करत होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे केळ्यांवर माशा घोंगावत होत्या. साडेबाराला रक्त, पुढे तासभर रिपोर्ट, मग डॉक्टर जेवायला गेले असतील, मग ते येणार. ऊन काय कुणाच्या रिपोर्टसाठी थांबतं? शितावरून भाताची परीक्षा करतात, माझ्या आईने केली, सासूने केली. एक शीत चेपलं, भात झाला. तीन तासांनी दुसरं शीत चेपणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. असं सगळं पटवून, स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश होऊन, मी निकाल दिला.

हे खाली चहा आणायला गेले होते. सिस्टरने पलीकडच्या खाटेचा पडदा ओढला. मी टेबलावरचा रिपोर्ट उचलला, वाटेत लादी पुसणाऱ्या मावशींना बाथरूम कुठे म्हणून विचारलं, त्यांनी उजवीकडे दाखवलं आणि मी डावीकडे गेले.

गेटवर हे भेटलेच, हातात चहाचे दोन कागदी कप. मी म्हटलं, सुट्टी दिली. रिपोर्ट नॉर्मल आहे, हा बघा. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग दोन्ही कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवले, बरं म्हणाले आणि स्कूटर चालू केली. इतक्या सहज जमलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

घरी आल्यावर तर काय विचारू नका. कुंपणापलीकडे शेजारीण फुलं खुडत होती. तिला हाक मारून मी रिपोर्ट फडकवला. म्हटलं, माझं काळीज अठरा वर्षांच्या पोरीचं आहे, हे बघ, छापून दिलंय. तिने वर न बघता विचारलं, "मग जबडा कुणाचा गं, ऐंशीच्या म्हातारीचा?" दुखणं अजून होतं, हे तिला बोलण्यावरूनच कळलं असावं. मी पदर सारखा केला आणि मांडवाकडे वळले.

दोन ओळी उलटल्या. हे ओट्यावर बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत, नुसते फाटक ते पायरी आणि पायरी ते फाटक. मी वैतागून म्हटलं, एका जागी बसा हो, मला चक्कर येईल. आणि खरंच आली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर हातातलं केळं निसटलं, श्वास अर्ध्यावर अडकला, घामाने पाठ चिंब. मांडवाची काठी धरून मी खाली बसले आणि स्वतःला सांगितलं, ऊन लागलं. बघा, तिथे बसूनसुद्धा मी त्या कागदाची बाजू घेत होते. नॉर्मल लिहिलंय म्हणजे हे ऊनच.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सून उतरली. ती तेव्हा नालासोपाऱ्याला एका शाळेच्या कचेरीत कामाला होती. हॉस्पिटलच्या फॉर्मवर यांनी तिचा नंबर लिहून दिला होता, आणि खाट रिकामी बघून सिस्टरने तिला फोन केला होता. मी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आई, हात दाखवा." मी उजवा हात पुढे केला. तिने डावा धरला, पदर बाजूला केला, त्या नळीकडे पाहिलं आणि चला म्हणाली. बस्स. माझ्यावर ओरडली असती तर मी भांडले असते. रिक्षात मी तिला तिसऱ्या ओळीचं सांगत होते, कुठून उलटायची राहिलीत ते. ती फक्त प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला हळू घ्या म्हणत होती, आणि तिचा हात माझ्या मनगटावरून हलला नाही. हे मागून स्कूटरवर येत होते.

सिस्टरने दुसरं रक्त घेतलं. या वेळी मला आजी म्हणाली नाही. माझ्यामुळे तिला बोलणी बसली होती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मग तो तास. सकाळचा वेळ मी सुकेळ्यांच्या काळजीत घालवला होता, आता पहिल्यांदा समजलं की आपण आपल्यासाठी थांबलोय. आता मला कुठे जायचं नव्हतं तरी पाय थांबत नव्हते. चादरीचं टोक मी पिळत होते, सोडत होते, पुन्हा पिळत होते. तीन वेळा विचारलं रिपोर्ट आला का. चौथ्यांदा विचारायचा धीर झाला नाही, आला असला तर?

सकाळचा आकडा एक अंकी होता. दुपारचा तीन अंकी आला.

डॉक्टर रागावले नाहीत. मी कुजबुजत विचारलं, मग सकाळचा खोटा होता का? ते म्हणाले, खोटा नव्हता, सकाळपर्यंतचं खरं होतं ते. लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली, मोठ्या हॉस्पिटलात नेलं, मनगटातून तार घालून हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली. ऊन उतरायच्या आत सगळं झालं. हृदयाचा थोडासा स्नायू गेला. थोडासा म्हणजे किती, मी पळाले नसते तर कमी गेला असता का, असं मी तिथल्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. जिना चढताना दम लागला की मी मनातल्या मनात हिशेब मांडते, हा दम वयाचा की त्या पळण्याचा? उत्तर येत नाही, मग मी पुढची पायरी चढते.

सुकेळ्यांचं काय झालं तेही सांगून टाकते. त्या संध्याकाळी सून हॉस्पिटलात माझ्यापाशी होती. शेजारणीने मांडव आवरला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेने फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून, शेजारणीला विचारून, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, सगळी उस्तवार केली. मी घरी आले तेव्हा तिने एक केळं पुढे केलं. खाऊन म्हटलं, बरं झालंय. चांगलं झालंय म्हणायला मला दोन वर्षं लागली.

पण घरी आल्यावर खरा त्रास झाला तो यांचा. गोळ्या वेळेवर हातात देत, पाणी देत, चप्पल पुढे ठेवत, आणि बोलत मात्र नसत. आधीही बोलत नसत, पण ते वेगळं. आता मी बोलायला लागले की ते खोलीतून उठून जात. रात्री नीट झोपत नसत, सकाळी वाडीत जाऊन नुसते उभे राहत. मला वाटलं, मी खोटं बोलले त्याचा राग आहे. राग यायलाच हवा होता. चव्वेचाळीस वर्षांत भाजीच्या भावापासून माहेरच्या पाहुण्यांपर्यंत लहानसहान पुष्कळ खोटं बोलले होते, पण असलं नाही. मी चेष्टा करून बघितली. म्हटलं, अहो, आता जाळी बसवलीय, उंदीरही आत यायचा नाही. हसले नाहीत.

शेवटी महिनाभराने, एका सकाळी, मी अंगणात चालण्याचा व्यायाम करत होते आणि हे पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, चुकले मी. तुम्हाला फसवलं. एकदा काय ते बोलून टाका, शिव्या द्या, पण हे असं गप्प राहू नका, माझा जीव खालीवर होतो.

ते मग म्हणाले,

"तू मला फसवलं नाहीस. खोटं बोलतेयस हे मला गेटवरच कळलं होतं. आत जाऊन विचारलं असतं तर त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं, आणि घरी मला एकट्याला यावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही."