पांढऱ्या घोडीचा भुस्सा

निपाणीतल्या माझ्या लाकडाच्या वखारीत एक घोडीवाला भुस्सा न्यायला यायचा. त्याची पांढरी घोडी वरातीत नाचायची आणि घरी आल्यावर आपल्याच घाणीत लोळायची. अंगावर पिवळे डाग दिसले की नवऱ्याकडची माणसं कुरकुरायची.

"तिच्याखाली भाताचं पिंजर अंथरलं तर खाती, उसाचं पाचट टोचतंय. भुस्साच बरा बघा, अण्णा," हे तो दर खेपेला नव्यानं सांगायचा. मग मूठभर भुस्सा गालाला लावून ओल बघायचा आणि ढिगाशी उकिडवा बसून त्यातल्या टोकदार ढलप्या वेचत राहायचा. मागची गिऱ्हाइकं खोळंबायची. माझं डोकं फिरायचं.

परवा तो रिकामी पोती घेऊन आला. पोट फुगून घोडी मेल्याचं मला सकाळीच कळलं होतं.

"आता कशाला रं भुस्सा?"

"खड्डा काढलाय. खाली पानी लागलंय, अण्णा. ओल्यात कशी निजवू तिला?"

मी फावडं घेतलं आणि पोतं भरायला लागलो. त्यानं माझा हात धरला.

"थांबा की. ढलप्या हायत त्यात."

त्यानं मूठभर भुस्सा गालाला लावला आणि उकिडवा बसला.

दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याला थांबायची खूण करून मी करवतीचं मशीन बंद केलं.