फक्कीनं आखलेलं घर

आमचं घर आम्ही दोघांनी पत्रातून बांधलं. मी गावाकडं चुडाव्यात, आणि आमचे मालक पुण्यात. हे गवंडी. बारा महिने दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करायचे, स्वतःच्या भिंतीला हात लावायला सवड नव्हती. मला दिराच्या घरात ठेवलं, "आपलं घर झालं की कायमचा येतो," म्हणाले आणि गेले. त्या एका बोलण्यावर मी दिवस काढायला लागले.

मी चौथी शिकलेली बाई, नकाशातलं मला काय कळणार? म्हणून ह्यांनी युक्ती काढली. पोस्टकार्डावर लिहायचे: दारातून सात पावलं चाल, तिथं चूल. चुलीपासून डावीकडं चार पावलं, तिथं भिंत. मी आमच्या रिकाम्या जागेत तशी चालायची आणि मागं चुन्याची फक्की टाकत जायची. तिकडं हेही कामावरच्या मोकळ्या स्लॅबवर खडूनं तेच घर आखायचे, जेवणाच्या सुट्टीत त्यात फिरायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गाड्या बंद पडल्या की कार्ड अडकायचं, आणि माझी एखादी भिंत आठ-आठ दिवस अर्धवट राहायची.

खोटं कशाला सांगू, मला लय करमायचं त्या घरात. भिंत नाही, छप्पर नाही, तरी दुपारची फक्कीच्या आत जाऊन बसायची. शेजारीण ओरडायची, "अगं बाई, ऊन लागंल, घरात जा की!"

"घरातच हाय," मी म्हणायची.

ती रेघ ओलांडून मधूनच आत आली की मला राग यायचा. दारातून ये म्हणून परत पाठवायची. ह्यांना लिहिलं, चुलीपाशी बसल्यावर दारातला माणूस दिसतो. ह्यांचं उत्तर आलं, "मलाबी तू दिसलीस." ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल!

पाया खणताना गावातले गवंडीमामा अडले. "बाई, खोली लहान वाटायलीय. टेप लावून बघू का?"

"त्यांनी सांगितलंय तसंच हाय," मी फणकारले. "ते पुण्यात चार मजली बिल्डिंगी बांधायलेत. तुमाला जास्त कळायलंय का?" बिचारे पुन्हा खणायला लागले.

वर टिनं पडली आणि हे आले. दारातून आत शिरून चालायला लागले. पाचव्या पावलाला चूल आली. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आले. पाचच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे उंचपुरे, ढांगा टाकत चालणारे. मी ह्यांच्या खांद्यालाही न लागणारी. पावलं ह्यांनी ह्यांची सांगितली, मी माझी टाकली.

रागावले असते तर बरं झालं असतं. हे हसले. "तुझ्या एकटीच्या मापाचं झालंय की गं हे." मग मागची मोकळी जागा बघून आले. "इथं एक मोठी खोली काढू. अजून दोन वर्षं काम करतो, मग येतोच."

"दाटीनं राहू की," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता, तो ह्यांना कळलाही असेल.

चौथ्या दिवशी हे गाडीत बसले.

आठवड्यानं कार्ड आलं: मागच्या दारातून नऊ पावलं चाल, या वेळी लांब टाक. मी उठले नाही. आंतर्देशीय आणलं आणि एवढ्या मोठ्या कोऱ्या पानावर एकच ओळ लिहिली, "खोली नको, तुमी या."

त्या पत्राला ना उत्तर आलं, ना हे आले.